गार्थच्या चळती

गार्थनं सकाळी मोआब गावात बहिणीच्या दारात गाडी उभी केली आणि उतरल्या उतरल्या किल्ली तिच्याच हातावर ठेवली.

"तुझ्याकडेच राहू दे, ताई. शेवटी तुलाच लागणार आहे."

लरूबाईंनी किल्ली खिशात टाकली. त्यात चिडण्यासारखं काही नव्हतं, गार्थ दरवर्षी असाच येतो. सॉल्ट लेकला बागांना पाणी मारायच्या नळ्या विकतो आणि वर्षातून एक दिवस वाळवंटाचा मालक होतो. अंगात सगळ्या घरादाराला सारखे पिवळे शर्ट, छातीवर आडनाव. हरवले तर कुठं परत करायचे ते कळायला असेल.

त्याचा नियम साधा होता. सकाळी खडकावर चढायचं, दुपारी राफ्टमधून, म्हणजे रबरी होडीतून, नदी. राफ्ट जिथं काठाला लागते त्या खालच्या घाटावर गाडी न्यायला कुणीतरी लागतंच. तर डोंगरावरून जो शेवटी उतरेल, त्यानं गाडी न्यायची. नियम कुणासाठी केलाय हे लरूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यालासुद्धा कळलं.

बाईंचा जन्म त्या नदीच्या काठावर गेला. मोटेलच्या धुलाईखान्यात राफ्टवाल्या पाहुण्यांच्या टॉवेलातली वाळू झटकण्यात हयात गेली. नदीची वाळू सगळी ओळखीची, पण नदीत पाय कधी पडला नाही. नवरा म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात. तो गेला, उन्हाळे येत राहिले. या वर्षी त्यांनी मनाशी धरलं होतं, जायचं.

उघड्या खडकावर वाट उमटत नाही. म्हणून जाणारे दगडांच्या चळती रचून ठेवतात, एक दिसली की पुढची शोधायची. एवढंच शास्त्र. पण गार्थला शास्त्र पुरत नाही. जिथं देखावा चांगला, तिथं तो सगळ्यांना थांबवी, प्रत्येकाकडून एकेक दगड ठेववून नवी चळत रची आणि फोटो काढी. देखावा म्हणजे अर्थातच कड्याच्या टोकावर.

पहिली चळत बाईंनी पायानं उडवली.

"ताई, ती आमची आठवण होती."

"आठवण डोक्यात ठेव, जागा भरपूर आहे. इथं दगड वाट दाखवायला असतात."

"तू सगळ्याचा विचका करतेस." त्यानं ती पुन्हा रचली, आधीपेक्षा उंच. त्याची बायको जनील आभाळाकडं बघत राहिली. त्या बाईचा निम्मा संसार आभाळाकडं बघण्यात गेलाय. मुलगी ब्रिंली हसली आणि वर एक पांढरा दगड ठेवून दिला.

परतीला गार्थ सुसाट सुटला. गुडघ्यानं साथ सोडली तशा बाई एका खडकावर टेकल्या आणि पिवळे शर्ट लांब जाताना बघत बसल्या. झालं, म्हणाल्या मनात. जेली गाडीतच खायची. जनीलनं गाजर घातलेली हिरवी जेली करून आणली होती, म्हणजे शिक्षा दुहेरी.

उठून जरा खाली आल्या तर शर्ट भलतीकडंच. खरी वाट डावीकडं उतरत होती आणि हे तिघं उजवीकडं कड्याच्या टोकाशी, एका उंच चळतीभोवती घुटमळत होते. पुढं खडक तुटलेला, खाली नदी.

बाई उभ्या राहिल्या. गप उतरलं तर नदी आपली. कुणाला काय कळणार होतं? मग जनीलचं ते आभाळाकडं बघणं आठवलं. कड्यावर ते बरं नाही.

"गार्थ, मागं फिर. वाट इकडं आहे."

"चुकलीस, ताई. चळत इथं आहे."

"ती तूच रचलीस, गाढवा."

"मी रचलेली इतकी वाकडी नव्हती."

"बाबा," ब्रिंली म्हणाली, "वरचा पांढरा दगड माझा आहे."

"पांढरे दगड काय, ढिगानं असतात."

जनीलनं पहिल्यांदा आभाळावरून नजर काढली, लेकीचा हात धरला आणि नणंदेकडं चालू लागली. गार्थ मात्र राहिला. चळत रचणारा कुणीतरी शहाणा असणार आणि उतरायची जागाही त्यानं बघूनच ठेवली असणार, असं त्याचं म्हणणं.

तिघी वरच्या घाटावर पोचल्या तेव्हा राफ्टवाली पोरगी जॅकेटं वाटत होती. जरा वेळानं गार्थ खऱ्या वाटेनंच आला, पण बुडावर बसून, घसरत. विजारीची मागची बाजू खडकानं ठेवून घेतली होती.

"मी तिकडं नुसतं बघत होतो," तो म्हणाला.

कुणी काही विचारलं नव्हतं.

"ताईच्या वयाला हे पाणी झेपायचं नाही. नियम ठीक आहे, पण—"

लरूबाईंनी खिशातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "जेली सांभाळ. उन्हात वितळते."

राफ्टमधली पुढची जागा त्यांनीच घेतली. पाण्यानं पहिला तडाखा दिला तेव्हा तोंडात वाळू आली. आयुष्यभर झटकलेली ती हीच. बाईंनी थुंकायचं सोडून हसायला सुरुवात केली आणि पुढच्या उसळीला पुन्हा तोंड भरून घेतलं. ब्रिंली मागून ओरडत होती, "आत्या, दोरी धर." त्यांनी धरली, पण एकाच हातानं.

खालच्या घाटावर गार्थ रुमालानं मागची बाजू झाकून उभा. शेजारी वाळूत दगडांची ताजी चळत.

"तुम्हाला कुठं उतरायचं ते कळावं म्हणून," तो म्हणाला.

भिजलेल्या लरूबाई चळतीपाशी थांबल्या. पाय उचलला, बघितलं, खाली ठेवला.

"ही असू दे. पाणी चढलं की नदीच नेईल." मग खाण्याच्या टोपलीकडं वळल्या. "आण ती जेली. भूक लागली की माणूस काहीही खातं."