उजेडबाबांना दिसलेलं सावट

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मागचे लोक टाचा उंचावून पाहत होते, कारण पुढे उजेडबाबा हातात दोन फोटो धरून उभे होते. एकात शिंप्याची बायको काळवंडलेली, चेहऱ्यावर हिरवट मळ चढल्यासारखी. दुसऱ्यात तीच बाई, त्याच खुर्चीत, पण लख्ख आणि टवटवीत. मधे बाबांनी काय केलं होतं? तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, बस्स.

"डोळ्यांना सावट दिसत नाही, फिल्मला दिसतं," बाबा म्हणाले. "फिल्मला लाच देता येत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मावशीने मात्र मान हलवली नाही. शेजारी तिची थोरली बहीण, ताई, आणि ताईच्या मांडीवर तिची लेक बबडी. बबडीला फिट्स यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या आटोक्यात आल्या होत्या, आणि गोळ्या मधेच बंद केल्या तर पोरीच्या जिवावर बेतेल असं त्यांनी बजावलं होतं. पण बाबांनी बबडीच्या फोटोत सावट दाखवलं. आज तिचा शुद्ध झालेला फोटो हातात पडायचा होता, आणि तो पडला की गोळ्यांची बाटली बाबांच्या पायाशी ठेवायची असं ठरलं होतं. ताईने ती मुठीत घट्ट धरली होती.

मावशी शाळेत विज्ञान शिकवायची आणि मुलांना फोटो काढायलाही शिकवायची. तिने ताईला परोपरीने समजावलं होतं. "तुला मूल नाही, तुला नाही कळायचं," असं ताईने तोंडावर सुनावलं, तेव्हापासून तिने वाद सोडला. ते बोलणं तिला फार लागलं होतं.

पण बबडीच्या पहिल्या फोटोच्या पाकिटात निगेटिव्हची पट्टी तशीच राहून गेली होती. मावशीने ती खिडकीच्या उजेडात धरली. पट्टीत बबडीबरोबर इतरांचेही फोटो होते. सावटवाल्या चौकटी काचेसारख्या विरळ होत्या, शुद्ध झालेल्या चांगल्या दाट. विरळ चौकटींत माणसामागची भिंतही तेवढीच विरळ होती. भिंतीला कुणाची नजर लागणार? मग पुढच्या बैठकीला ती स्वतःचा कॅमेरा घेऊन आली आणि तिने बाबांचाच एक फोटो काढला. भक्त समजून बाबांनी मान तिरकी करून पोझही दिली होती.

"बबडीची आई, पुढे या," चेल्याने हाक दिली. बाबांचे सगळे फोटो तोच काढायचा; त्याच्या गळ्यात कॅमेरा लटकत होता.

ताई उठली. तिच्याआधी मावशी पुढे गेली. तिच्या हातात एक फोटो होता, वरचा अर्धा भाग मागे दुमडलेला.

"बाबा, आधी हा बघा. ओळखीतल्या माणसाचा आहे. चेहरा दाखवायला नको म्हणून दुमडलाय."

"चेहरा कशाला हवा? सावट अंगावर असतं." बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. दोन हात, मळकट घोंगडीसारखी दिसणारी एक शाल, सगळं काळोखात बुडालेलं. बाबांनी डोळे मिटले. "अरेरे. फार जुनं आहे हे. हा माणूस गोड बोलतो, पण आतून पोखरलेला आहे. हा ज्या घरात पाऊल टाकेल त्या घराचं वाटोळं होईल."

"नीट बघून सांगताय ना?"

"उजेडबाबा चुकत नाही."

मावशीने फोटो उलगडून सगळ्यांसमोर धरला. वरच्या अर्ध्यात तिरकी मान करून बाबाच हसत होते.

चेल्याचा हात कॅमेऱ्याकडे गेला, पण पहिल्या रांगेतल्या पोस्टमनने तो वरच्यावर धरला. मावशी पोस्टमनला म्हणाली, "कॅमेऱ्यावरच्या चकतीवर आकडा काय आहे, वाचा."

"सोळाशे."

"आणि टेबलावरच्या फिल्मच्या डबीवर?"

"दोनशे."

"एवढीच ती करामत," मावशी म्हणाली. "आत कुठली फिल्म आहे ते ही चकती कॅमेऱ्याला सांगते; आकडा मोठा, तर कॅमेरा उजेड कमी घेतो. फिल्म दोनशेची आणि चकती सोळाशेवर, म्हणजे कॅमेरा हवा त्याच्या आठवा हिस्सा उजेड आत सोडतो. फिल्म उपाशी राहते. मग सावल्या चिखलासारख्या येतात, रंग हिरवट पडतात. शुद्ध करायचं असेल तेव्हा चकती शंभरवर. दुप्पट उजेड. रंगीत निगेटिव्ह फिल्मला जास्तीचा उजेड पचतो, उपासमार सोसत नाही. मी माझ्या कॅमेऱ्यात हेच केलं, म्हणून बाबांवरही सावट आलं. लाच फिल्मला देत नाहीत, चकती फिरवतात."

शिंपी उठून बाबांकडे निघाला. बाबा मागच्या दाराकडे सरकले, पण तिथेही माणसं उभी होतीच, आणि ती आता हात जोडत नव्हती.

ताई मात्र जागची हलली नव्हती. मुठीतल्या बाटलीकडे पाहत ती हळूच म्हणाली, "सकाळची गोळी मी दिलीच नाही गं."

रागवायला वेळ नव्हता. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, भाचीला जवळ घेतलं, आणि गोळी द्यायला ताईलाच सांगितलं. बबडीने तोंड वेडंवाकडं करून ती गिळली. तिथून तिघी तडक डॉक्टरांकडे गेल्या.

मंडळी, फोटो काळा आला तर आधी कॅमेरा तपासा. लेकरू आजारी पडलं तर डॉक्टर गाठा. आणि कुणी या दोन गोष्टींची सांगड घालू लागला, तर त्याच्या हातातली चकती कुठल्या आकड्यावर आहे ते विचारा. विचारल्याने कुणाला पाप लागत नाही. न विचारल्याने मात्र त्या दिवशी बबडीच्या जिवावर बेतलं असतं.