सगळं बुडालं

त्या प्रयोगशाळेत 'बुडालं' म्हटलं की लोक टाळ्या वाजवायचे आणि 'तरंगलं' म्हटलं की चहा गार होईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. बाहेरचा माणूस पहिल्यांदा आला की हमखास चक्रावायचा. पण त्यात वेडेपणा काही नव्हता. तिथं माती तपासत असत. चिमूटभर माती एका जड, खारट द्रावणात घालायची, हलवायची आणि वाट बघायची. अर्धवट कुजलेली पानं, मुळांचे तुकडे असलं हलकं सामान वर येऊन तरंगतं. चिकणमातीचे कण तळाशी जातात आणि अंगाला जे चिकटलंय तेही सोबत घेऊन जातात. कार्बन दोन्हीकडे असतो. पण वर तरंगणारा म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. आज ना उद्या जिवाणू त्याचा फडशा पाडणार आणि तो त्यांच्या श्वासातून पुन्हा हवेत जाणार. कणाला चिकटून तळाशी बसलेला मात्र सहजासहजी कुणाच्या हाती लागत नाही. तो शेकडो वर्षंसुद्धा तिथंच ठाण मांडून राहतो. म्हणून बुडालं की आनंद.

या बुडवाबुडवीच्या मुख्य म्हणजे माती मॅडम. वय बेचाळीस, नखं कायम काळी, आणि बोलायला लागल्या की समोरच्याचं जेवण राहून जायचं. प्रयोगशाळेपासून नदीच्या धक्क्यापर्यंत उतरत जाणाऱ्या तुकड्यावर त्यांनी आठ वर्षं नांगर लावू दिला नव्हता. लांब मुळांचं गवत लावलं होतं आणि त्यात कुणाला पाय ठेवू दिला नव्हता, अगदी स्वतःच्या सख्ख्या भावालासुद्धा. त्यांचं म्हणणं असं, की मुळं गोड रस पाझरतात, जिवाणू तो पितात, पिऊन मरतात, आणि त्यांची चिकट मढी मातीच्या कणांना जाऊन बसतात. पाचोळा नुसता पुरून कार्बन टिकत नाही. तो आधी कुणीतरी खायला लागतो, मग टिकतो. हे ऐकून प्रयोगशाळेचे मोठे साहेब दर वर्षी एकच वाक्य बोलायचे, "दाखवा."

यंदा मात्र त्यांनी वाक्य वाढवलं होतं. तळाशी गेलेल्या भागात कार्बन वाढलेला दिसला तर तुकडा आणखी दहा वर्षं चालू. नाही दिसला तर गवत उपटायचं आणि मॅडमनी मुख्य कचेरीत जायचं. ती होती दूर, डोंगरांच्या पलीकडे, आणि तिथं माती फक्त भिंतीवरच्या चित्रात होती.

आणि यात एक कप्तान अडकला होता.

मॅडम राहायच्या पलीकडच्या काठावर आणि रोज फेरीबोटीनं यायच्या. बोट चालवणारा कप्तान चव्वेचाळीसचा, एकटा, उंच आणि अबोल. आठ वर्षं मॅडम सुकाणूशेजारच्या कोपऱ्यात उभ्या राहून त्याला मातीचं सांगत आल्या होत्या, आणि आठ वर्षं तो पाण्याकडे बघत 'हं' म्हणत आला होता. मागच्या हिवाळ्यात धुक्यात बोट मधेच थांबवावी लागली तेव्हा त्यानं पाण्याकडे बघतच विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

मॅडमचं मातीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. अशी वेळ त्यांच्यावर फारशी येत नसे. मग म्हणाल्या, "मला इथं ठेवतात का, ते कळू द्या. मग सांगते. कच्च्या आकड्यावर मी उत्तर देत नाही."

"हं," कप्तान म्हणाला, आणि थांबला. तक्रार नाही, आठवण नाही. या माणसाचं हे थांबणं बघून मॅडमना रात्ररात्र झोप लागायची नाही, पण ते त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही.

आज सकाळी मात्र त्यानं तोंड उघडलं. "दुपारच्या फेरीला एक जहाजवाले गृहस्थ येतायत. मोठ्या जहाजावर नोकरीची जागा आहे म्हणतात. धक्क्याला लागायच्या आत त्यांना हो की नाही सांगायचंय. तुम्ही जाणार असाल तर मीही जातो. तो कोपरा रिकामा बघत रोज बोट चालवणं मला जमायचं नाही."

एवढं लांब तो आठ वर्षांत बोलला नव्हता. मॅडम वर आल्या त्या थेट यंत्रापाशी. तळाचा भाग धुऊन, वाळवून, कथिलाच्या इवल्या इवल्या पुड्यांत बांधून कालच ठेवला होता. यंत्र एकेक पुडी जाळायचं आणि धुरातला कार्बन मोजायचं. मॅडम खुर्चीवर बसेनात, उभ्या राहीनात. दुपार होत आली आणि पडद्यावर रेघ चढायला लागली. चढली ती चढतच गेली. आठ वर्षांत वाढलेला कार्बन जवळजवळ सगळा तळाच्या भागात होता. मॅडमनी आधी यंत्रावर संशय घेतला, मग स्वतःवर. मग उरलेल्या मातीवर आम्लाचे थेंब टाकले, कारण मातीत चुना असला तर तोही कार्बन म्हणून घुसतो आणि माणसाला तोंडघशी पाडतो. चुना असता तर फसफसलं असतं. काही फसफसलं नाही.

मोठे साहेब चष्मा वर करून बघत राहिले. "हं, दिसतंय," म्हणाले. "दहा वर्षं घ्या."

मग मॅडमना काय झालं ते सांगणं अवघड आहे. चाकांच्या खुर्चीवर बसून त्यांनी गिरकी घेतली. दुसरी घेतली. यंत्राच्या भट्टीला मिठी मारायला गेल्या आणि ती गरम असल्याचं ऐनवेळी आठवलं. साहेबांचा हात इतका हलवला की त्यांच्या खिशातलं पेन पडलं. आकाश ठेंगणं झालं, पाय जमिनीला लागेनात, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्या खदाखदा हसत होत्या. हातात रबरी मोजा एकच होता. दुसरा कुठं गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

त्याच धुंदीत त्यांनी फोन उचलला. बोट चालवताना कप्तान फोन घेत नसे. म्हणून त्यांनी धक्क्याच्या तिकीटखिडकीला लावला. तिथं कप्तानाची आत्या बसायची. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिच्या ताब्यात तिकिटं होती, धक्क्याचा लाउडस्पीकर होता आणि भाच्याच्या लग्नाची काळजी होती.

"आत्या, मी बोलतेय. त्यांना लगेच सांगा, धक्क्याला लागायच्या आत सांगा. बुडालं."

"काय बुडालं?"

"सगळं बुडालं, आत्या. आठ वर्षांचं सगळं," मॅडम म्हणाल्या. हसण्याचा उमाळा दाबताना त्यांचा आवाज नेमका असा चिरकला, की ऐकणाऱ्याला हुंदकाच वाटावा.

मग आत्या भरल्या गळ्यानं म्हणाली, "रडू नको गं बाई. मी सांगते त्याला." आणि फोन ठेवला.

रडू नको? मॅडमची तिसरी गिरकी अर्ध्यावर थांबली. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे बोलणं या चार भिंतींतलं होतं. बाहेरच्या जगात बुडालं म्हणजे बुडालंच. त्यांनी परत फोन लावला, पण कुणी उचलेना. कारण आत्या तोवर लाउडस्पीकरवर गेली होती.

खिडकीतून आवाज आला, नदीच्या दोन्ही काठांना पुरून उरेल असा. "कप्तान, ऐक रे बाळा. तुझ्या मातीवालीचं सगळं बुडालं. सगळं बुडालं रे."

मॅडम पळाल्या. रस्त्यानं वळसा पडला असता, म्हणून सरळ उतारावरून. ज्या गवतात आठ वर्षं कुणाचं पाऊल पडू दिलं नव्हतं, ते तुडवत, अडखळत, ॲप्रनात काटे अडकवत त्या खाली आल्या. आता ते जहाजवाल्यांना हो म्हणणार. एका शब्दासाठी हा माणूस जाणार, आणि तो शब्द मीच पाठवला. जाऊ नका हो, मला तुम्ही हवे आहात. हे सगळं त्या मोठ्यानं बोलत होत्या, पण गवताशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

धक्क्यावर दहा-बारा माणसं जमली होती. कुणी पाण्याची बाटली पुढं केली, कुणी पाठीवर हात ठेवला. एका आजोबांनी "दुकान होतं का?" असं हळूच विचारलं.

आत्यानं तर त्यांना घट्ट कवटाळलं. "असू दे. माणूस धड आहे ना, मग झालं."

"आत्या, अहो, बुडालं म्हणजे चांगलं," मॅडम धापा टाकत म्हणाल्या.

आत्यानं जमलेल्यांकडे बघितलं आणि डोक्याला धक्का बसल्याची खूण केली.

नदीच्या मधोमध वेगळाच गोंधळ चालला होता. वाऱ्यानं आत्याचं निम्मं बोलणं उडवून लावलं होतं आणि मागच्या प्रवाशांपर्यंत फक्त 'सगळं बुडालं' एवढंच पोचलं होतं. एकूण एक प्रवासी लाइफ जॅकेट चढवून उभा होता. एकानं आपल्या टोपलीतल्या कोंबडीलाही एक बांधलं होतं. आणि इतक्यात बोटीचा भोंगा वाजायला लागला, थांबायचं नाव घेईना. बोटीनं नाक वळवलं आणि नदीत एक भलंमोठं वर्तुळ काढलं. मग दुसरं.

"दुःखानं खुळा झाला गं पोरगा," आत्या म्हणाली आणि मटकन बसली.

मॅडम धक्क्याच्या टोकाशी धावल्या. वर्तुळ म्हणजे काय, हो की नाही? बोट धक्क्याला लागली. पहिले उतरले ते कप्तानाशेजारी उभे असलेले जहाजवाले. टाय बाहेर, नारिंगी जॅकेट उलटं. ते मॅडमपुढे थांबले आणि मान लववून म्हणाले, "बाई, तुमच्या नुकसानीचं वाईट वाटलं. पण हा माणूस धोकादायक आहे. तुमचं सगळं बुडालं हे ऐकून तो टाळ्या वाजवत होता. सुकाणू सोडून. वर मला म्हणतो, आता मी कुठं जात नाही."

मॅडमनी वर बघितलं. कप्तान कठड्याशी उभा होता. कानापर्यंत लाल, आणि चेहरा गंभीर ठेवायची त्याची धडपड साफ फसलेली.

"किती?" त्यानं विचारलं.

"वाढलेलं जवळजवळ सगळं," मॅडम म्हणाल्या.

"आणि चुना?"

मॅडमनी चुन्याचं सांगितलं होतं ते कधीतरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पाऊस पडत असताना. तेव्हाही तो पाण्याकडेच बघत होता.

"बघितला. फसफसलं नाही," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना खरंच रडू आलं. "तुम्ही ऐकत होता?"

"रोज. पहिली दोन वर्षं काही कळलं नाही. तुम्ही बोलत राहावं म्हणून हं म्हणायचो. मग कळायला लागलं."

आत्या उठून उभी राहिली. "मला कुणी सांगेल का, बुडालं की नाही बुडालं?"

"बुडालं, आत्या," दोघं एकदम म्हणाले. आत्यानं कपाळाला हात लावला.

मॅडमनी मोजा घातलेल्या हातानं डोळे पुसले आणि गालभर चिखल केला. "माझं उत्तर हो आहे," त्या म्हणाल्या, अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आणि आता ते तुम्ही-बिम्ही बंद. मला तू म्हणायचं."

"हं," कप्तान म्हणाला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. अख्खी नदी ज्यानं धुक्यात डोळे मिटून पार केली असती, त्याला ते एक अक्षर पार करता येईना. मागं जॅकेट घातलेले प्रवासी उतरायला खोळंबले होते आणि बोट बांधायची राहिल्यामुळे हळूहळू धक्क्यापासून सरकत होती. त्यानं दोराकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि दोर फेकला.

"धर तू," तो म्हणाला.

मॅडमनी धरला.