बाईसाहेबांचं अंडं बंद

माझ्या पार्लरमध्ये पाय भिजवायचा जो टब आहे, त्यात एका सकाळी कोंबडी बसलेली होती. त्याच टबात थोड्या वेळाने बँकेतल्या बाई पाय सोडून बसणार होत्या. मी सासूबाईंना तसं सांगितलं. एका हाताने कोंबडीची छाती धरून, दुसऱ्या हाताच्या कोपराने पाणी किती गरम आहे ते बघत त्या म्हणाल्या की बँकेतल्या बाईंना काही कळा येत नाहीयेत, त्या थांबतील.

सासूबाई बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होत्या. नोकरी संपली, पण वॉर्ड काही सुटला नाही. आसपासच्या निम्म्या लोकांना त्यांनी पहिल्यांदा उलटं धरलेलं आहे, आणि वेळ आली की त्या ते ऐकवतातही. भाजीवाला भाव कमी करेना, तर तू पायाळू होतास आणि तुझ्या आईला तू किती छळलंस, हे त्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत सांगायला लागतात. भाव कमी होतो.

सासरे गेल्यावर त्यांनी परसात तीन कोंबड्या आणल्या. थोरली, धाकटी आणि बाईसाहेब. पहिल्या दोघी कोंबड्यांसारख्या कोंबड्या होत्या. बाईसाहेब मात्र सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, आणि सासूबाई चहा घेता घेता तिला रात्री झोप कशी लागली, गुडघा कसा दुखला, सून काय बोलली, असं सगळं सांगायच्या. माझ्याबद्दल त्या कोंबडीला जेवढं माहीत होतं, तेवढं माझ्या आईलाही नव्हतं.

त्या दिवशी बाईसाहेब दारात आली नाही. खुराड्याच्या कोपऱ्यात शेपूट खाली टाकून, माणसासारखी ताठ उभी राहून कुंथत होती. सासूबाईंनी पोटाखाली हात घातला आणि जाहीर केलं की अंडं अडलंय. मग माझ्या पार्लरचा वॉर्ड झाला. टब गेला, वॅक्सिंगचे हातमोजे गेले, मसाजचं तेल गेलं, आणि शेवटी पिसं वाळवायला केसांचा ड्रायरही गेला. माझा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसं त्याला रोज समोरून येणाऱ्या ट्रकवर नेतात, तरी त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. पण "कळा" हा शब्द ऐकून तो पांढराफटक पडला आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

बँकेतल्या बाई वेळेवर आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने टबात एक सुरकुतलेलं, मऊ कवचाचं अंडं पडलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग टब धुणार ना, असं विचारलं.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण हे दर चार-आठ दिवसांनी व्हायला लागलं. कधी कवच नाही, कधी नुसतंच कातडं. आणि मग अंडं यायचंच बंद झालं आणि बाईसाहेबचं पोट फुगत चाललं. सासूबाईंनी शेक दिला, चुना पाजला, पाठीवरून हात फिरवत "घाबरू नकोस, जोर लाव" म्हणून पाहिलं. काही उपयोग होईना, तेव्हा टोपलीत घालून तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

हा डॉक्टरही त्यांच्याच हातचा, त्यामुळे त्याला पहिल्या वाक्यापासून अरे-तुरे. त्याने शांतपणे तपासलं आणि सांगितलं की अंडं बाहेर येण्याऐवजी आत पोटातच पडतंय आणि तिथे सडतंय. सुई लावून त्याने वाटीभर पिवळं पाणी काढलं. मग म्हणाला की तांदळाच्या दाण्याएवढी एक गोळी कातडीखाली बसवतो, तिने अंडी बनायचीच थांबतील, काही महिन्यांनी पुन्हा बसवायची. सासूबाईंना हे पटेना. त्यांचं आयुष्य बाळंतपणं पार पाडण्यात गेलेलं, बंद पाडण्यात नाही. त्यांनी त्याच्याशी बराच वाद घातला.

"सिस्टर," तो शेवटी म्हणाला, "आता हिचं प्रत्येक अंडं हिच्या जिवावर बेतणार आहे. अंडी बंद झाली तरच ही जगेल."

सासूबाईंनी मान डोलावली आणि त्याने गोळी बसवली. घरी येईपर्यंत टोपली त्यांनी मांडीवरून उतरवली नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण मग आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. मोठमोठ्या डॉक्टरांना वॉर्डाबाहेर काढणाऱ्या आमच्या सासूबाई या नणंदेसमोर मात्र मिठाची गुळणी धरून बसतात. हे मी लग्नापासून बघतेय, कारण त्याचा पहिला फटका मलाच बसला. आम्हाला मूल नाही. तपासण्या झाल्या, औषधं झाली, मग माझं ऑपरेशन करावं लागलं आणि तो विषय संपला. आत्याबाईंचा संपला नाही. त्या दर भेटीत माझ्या पोटाकडे बघून "काही विशेष?" विचारायच्या, आणि सासूबाई चष्मा काढून पुसत बसायच्या. मला आत्याबाईंचा राग यायचा. त्या चष्म्याचा जास्त यायचा.

या खेपेला बाईसाहेबची हकिगत ऐकून आत्याबाईंनी लगेच निकाल दिला. अंडी देणार नाही, तर दाणे कशाला घालायचे? रविवारी आपण सगळे जमतोच आहोत, तेव्हा कापून टाकू. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

मला रात्रभर चैन पडलं नाही. कोंबडीचा मला एवढा लळा होता असं नाही. ती माझ्या टॉवेलांवर घाण करायची. पण ज्या शब्दांत तिचा निकाल लागला, ते शब्द मी ओळखत होते. सासूबाई बोलणार नाहीत आणि खोटं त्यांना सात जन्मांत जमणार नाही, हेही मला माहीत होतं. म्हणजे त्यांना स्वतःला खरं वाटायला हवं होतं. सकाळी मी वाण्याकडून, बाईसाहेब द्यायची तसं, एक तपकिरी अंडं आणलं, जरा वेळ मुठीत धरून गरम केलं आणि आजारपणात वेगळ्या ठेवलेल्या बाईसाहेबच्या खोक्यात गवतावर ठेवलं. आता रविवारी कोण हात लावतंय बघू, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सासूबाई ते अंडं घेऊन आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. गोळी लागू पडली नाही, एवढंच म्हणाल्या. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण रविवार आठवला आणि मिटलं. सोमवारी सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी काहीही ठेवलं नाही, आणि खोक्यात दोन अंडी निघाली. एक तपकिरी, एक पांढरं.

मी चक्रावले. सासूबाई मात्र चक्रावल्या नाहीत, त्यांनी सरळ टोपली काढली. वॉर्डात त्यांनी याहून विचित्र प्रकार पाहिले होते म्हणे. तिन्ही अंडी पुरावा म्हणून स्टीलच्या डब्यात घेतली, नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि आम्ही सगळे डॉक्टरकडे हजर झालो.

डॉक्टर बिचारा गोंधळला. तुरा आकसलाय, पिसं गळायला लागलीयेत, पोट मऊ आहे, म्हणजे सगळी लक्षणं अंडी थांबल्याची. आणि सिस्टर डबा उघडून समोर धरतायत. त्याने पांढरं अंडं उचललं, बाईसाहेबकडे पाहिलं, परत अंड्याकडे पाहिलं. सिस्टरवर अविश्वास दाखवायची त्याची हिंमत होईना. तो म्हणाला की हे खरं असेल, तर आता एकच उपाय उरतो, पोट उघडून अंड्याची नळीच काढून टाकायची. पण एवढ्याशा जिवाला भूल देणं धोक्याचं. बऱ्याच कोंबड्या टेबलावरून उठत नाहीत.

"कर," सासूबाई म्हणाल्या. "मी हात धुऊन तुझ्याशेजारी उभी राहते." आणि खरंच त्या नळाकडे गेल्या. बाही वर सारताना त्या बाईसाहेबला "घाबरू नकोस" म्हणाल्या. "जोर लाव" या वेळी म्हणाल्या नाहीत.

"आई, थांबा," मी म्हटलं. "कालचं अंडं मी ठेवलं होतं."

त्यांनी नळ बंद केला. मी भराभरा सगळं सांगून टाकलं, वाणी, मूठ, रविवार, सगळं. आजची दोन कुठून आली ते मात्र मला खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यात दारातून नवऱ्याचा आवाज आला. रक्त बघावं लागेल म्हणून तो आत पाऊल टाकत नव्हता.

"आजची माझी," तो म्हणाला. "वाण्याकडे तपकिरी एकच उरलं होतं. एक कमी पडेल असं वाटलं."

डॉक्टर स्टुलावर बसला आणि त्याने तोंडावर रुमाल धरला. सासूबाईंनी आम्हा दोघांना असं काही झाडलं की बाहेर रांगेत बसलेला कुत्रासुद्धा शेपूट घालून गप्प झाला. वॉर्डात कुणी दुसऱ्याचं मूल पाळण्यात आणून ठेवलं असतं, तर त्याला पोलिसांत दिलं असतं, म्हणाल्या. आज तुमच्या शहाणपणापायी ही हकनाक मेली असती. मग त्यांनी विचारलं, मला नुसतं सांगता आलं नसतं का?

माझाही ताबा सुटला. "सांगून काय झालं असतं? तुम्ही चष्मा पुसत बसला असता."

सासूबाईंनी बाईसाहेबला उचललं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

रविवारी आत्याबाई सकाळीच आल्या. बाईसाहेबची मान एव्हाना उघडी पडली होती, पाठीवरही जागोजागी कातडं दिसत होतं, आणि तशा अवतारात ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत्याबाईंनी तिला न्याहाळलं आणि सुरी कुठाय म्हणून विचारलं. सासूबाईंचा हात चष्म्याकडे गेला. मी बघत होते. तो हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

"वन्सं, तिला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "ती अंडी देणार नाही. आता नाही आणि पुढेही नाही."

"मग तिचा उपयोग काय, वहिनी?"

"या घरात कुणाला उपयोगासाठी ठेवलेलं नाही." सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, पण वॉर्डातला होता. "आणि हिलाही ते परत विचारायचं नाही. मी ते तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले, चुकलं माझं."

"हिला" म्हणजे मला. मला हेच ऐकायचं होतं, लग्न झाल्यापासून. आणि ऐकल्यावर आधी आनंद झालाच नाही, आधी सणकून राग आला, की बाई गं, एवढा उशीर? मग डोळे भरून आले आणि मला समोरचं काही दिसेना.

आत्याबाईंनी पदर सावरला. मग घसा खाकरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, जरा पाणी दे गं. मी सवयीने उठले. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"तू बस," त्या म्हणाल्या. "वन्संना स्वयंपाकघर माहीत आहे."

मी बसले.