पाणी धरणारं मैदान

बोरटोल्यात फुटबॉलवर बोलायला कुणाला कारण लागत नाही. निर्मलाबाईच्या टपरीवर चहाचं दूध उतू जाईपर्यंत वाद चालतो, आणि उतू गेलं की निर्मलाबाई दोन्ही बाजूंना सारख्याच शिव्या घालते. परदेशातल्या कुठल्या क्लबानं नवं स्टेडियम बांधलं आणि त्या नादात चांगले खेळाडू विकून टाकले, हे इथल्या माणसाला तहसीलदाराच्या नावापेक्षा पक्कं ठाऊक असतं. गाव गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीच्या पुढे, जंगलाच्या काठाला. मोबाइलला रेंज मिळते ती टपरीमागच्या मोहाच्या झाडाखालीच, त्यामुळे सामना बघायचा तोही तिथे आणि भांडायचं तेही तिथेच.

पण त्या ऑगस्टात वाद घरचाच निघाला. गावच्या नवयुवक फुटबॉल मंडळानं आदल्या हंगामात जिल्ह्याची स्पर्धा जिंकली होती. त्याचं बक्षीस म्हणून ग्रामपंचायतीनं गावाबाहेरची दोन एकर जागा दिली आणि वरून निधीही मंजूर झाला. तोवर मंडळ डोमनलाल पटल्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, खेळत असे. धान कापून झालं की दोन बांध्यांमधला मातीचा धुरा फोडायचा, उन्हाळाभर खेळायचं आणि पेरणीआधी धुरा पुन्हा घालून द्यायचा. तीस-पस्तीस वर्षं हेच चाललं होतं. आता निधी कशावर खर्चायचा, यावर मंडळात दोन तट पडले.

"ग्राउंड नाही त् क्लब नाही," विक्की म्हणाला. तो मंडळाचा सचिव, केशोरीत त्याचं मोबाइलचं दुकान. "गॅलरी पाहिजे, भिंत पाहिजे, गेट पाहिजे. मोठा सोचा ना बाप्पा! धसकटात खेळणाऱ्या टीमले कोण इचारते?"

"अन् गॅलरीत बसून पाहाचं कोणाले?" ओमेश्वरीनं विचारलं. नागपूरला प्रशिक्षकाचा कोर्स करून आलेली ही पंचवीस वर्षांची पोरगी गावातल्या पोरापोरींना रोज सकाळी पळवत असे. "चौदा पोरी अन् बुटाच्या सहा जोड्या. आधी पोरायले बूट द्या, वर्षातून चार सामने बाहेर खेळवा. मैदान काय, आहे तेच चालते."

कार्यकारिणीत सात जण. तीन विक्कीकडे, तीन ओमेश्वरीकडे. सातवं मत अध्यक्षांचं, आणि अध्यक्ष केवलराम म्हणजे ओमेश्वरीचे वडील.

केवलराम एकेकाळचे गोलकीपर. वय साठीला टेकलेलं, बोलणं मोजकं. त्यांना लेकीचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. पण ऐन तारुण्यात त्यांनी एक अपमान गिळला होता. गोंदियाची एक टीम जीपमधून आली होती. कप्तानानं खाली न उतरताच बांधीकडे पाहिलं, "यहाँ तो भैंस खेलेगी," म्हणाला आणि जीप वळवून निघून गेला. तो धुरळा केवलरामांच्या घशात अजून बसलेला होता. एकदा तरी बाहेरच्या माणसानं गाडीतून उतरावं, आपलं मैदान बघावं आणि गप्प व्हावं, एवढीच त्यांची हौस.

त्यांनी हात विक्कीच्या बाजूनं वर केला. ओमेश्वरीनं बापाकडे पाहिलं, चहा तसाच टाकून उठून गेली.

आता केवलरामांच्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या हातानंच झालं. पंचक्रोशीत बांधी समतल करावी तर केवलरामांनी. बांधीत घोटाभर पाणी सोडायचं, चिखल करायचा आणि पाटा फिरवायचा. पाणी कुठे दाटतंय, कुठे जमीन डोकं वर काढतेय, हे धुऱ्यावर उकिडवं बसून नुसतं बघायचं. त्यांनी केलेल्या बांधीत चारही कोपऱ्यांत पाणी सारखं उभं राहतं आणि थेंब बाहेर जात नाही. डोमनलाल तर म्हणायचे, केवल्याच्या बांधीत पाणी मुक्कामाला येते. मशीनवाल्यानं मैदान सपाट करायला जे मागितलं ते ऐकून विक्कीचे डोळे पांढरे झाले, तेव्हा सगळ्यांच्या नजरा आपसूक केवलरामांकडेच वळल्या.

ऑक्टोबरात मामा तलाव, म्हणजे गावचा जुना मालगुजारी तलाव, तुडुंब होता. केवलरामांनी पाट काढून मैदानात पाणी घेतलं. जमीन कन्हार, काळी आणि चिकण. तिला त्यांनी आईनं कणीक मळावी तसं मळलं. पंधरा दिवस पाटा चालला. शेवटच्या दिवशी गाव बघायला आलं. संध्याकाळच्या उन्हात पाण्याचा पत्रा असा स्थिरावला होता की चारही कोपऱ्यांत बोट बुडवलं तर सारखंच भिजावं. बायामाणसांनीही वाहवा केली. ओमेश्वरी मात्र आली नव्हती.

मग पाणी आटलं, हरळी लावली, आणि ठेकेदारानं तीन बाजूंना मातीचा भराव घालून वर सिमेंटच्या पायऱ्या बसवल्या. चौथ्या बाजूला भिंत आणि गेट. विक्कीनं गेटला कुलूप ठोकलं. उद्घाटनापर्यंत गवतावर कोणी पाय ठेवायचा नाही, असा ठराव झाला आणि त्यावर सही केवलरामांची.

पोरं गेली कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. इथं माझा त्यांच्यावर राग आहे, तो मी लपवत नाही. डोमनलालनी यंदा जुन्या बांध्या मोकळ्या मिळाल्या म्हणून त्यांत लाखोळीची डाळ टाकली होती. तेव्हा ओमेश्वरी पोरांना घेऊन गावामागच्या बरडावर गेली. मुरमाड उतार, जिथे गवतही नीट उगवत नाही. चेंडू सुटला की नाल्यापर्यंत घरंगळत जाई. तीन महिने तिचा सराव तिथे चालला आणि तीन महिन्यांत केवलराम एकदाही तिकडे फिरकले नाहीत.

दरम्यान ओमेश्वरीनं पत्रं पाठवून, फोन करकरून नागपूरच्या एका अकादमीच्या दोन निवडकर्त्यांना बोरटोल्यात यायला तयार केलं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ते पंधरा वर्षांखालच्या पोरी बघणार होते. मंडळाला वाटलं, बरं झालं, उद्घाटनही त्याच दिवशी उरकू. ओमेश्वरीचा जीव मात्र एका पोरीत अडकला होता. नीतू, जंगलखात्यात मजुरी करणाऱ्या कवडूची लेक. पायात चेंडू आला की गावाचं बोलणं थांबावं अशी ती खेळायची. मार्चमध्ये तिला पंधरावं पूर्ण होणार होतं. कवडूनं टपरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "नागपूरवाल्यानं घेतली त् जाईल. नाही घेतली त् खेळ बंद. मामाकडे अर्जुनीले धाडतो, शिलाई शिकेल." पोरीसाठी ती एकच खिडकी उघडी होती, आणि हे केवलरामांनाही ठाऊक होतं.

शुक्रवारी अवकाळी आला. शुक्रवार-शनिवार असा पडला की श्रावणानं लाजावं. रविवारी सकाळी ऊन पडलं, विक्कीनं हार-नारळ घेऊन गेट उघडलं आणि तिथेच थांबला.

मैदान नव्हतंच. तळं होतं. मुख्य गेटपासून पलीकडच्या गोलपोस्टापर्यंत नडगीभर पाणी, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. मधोमध चार बगळे उभे होते, जणू नाणेफेक व्हायची बाकी आहे.

गाव पायऱ्यांवर चढून उभं राहिलं. हसावं की रडावं कुणाला कळेना. शेवटी डोमनलाल म्हणाले, "केवल, बांधी लय मस्त झाली गा. आता धानाचा रोवणा करून टाक."

कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. केवलराम पायऱ्या उतरून पाण्याच्या काठाशी उकिडवे बसले. सवयीनं नजर चारही कोपऱ्यांवर फिरली, आणि त्या माणसाला एक क्षण, फक्त एक क्षण, अभिमान वाटला. मग लाज अशी आली की कानशिलं तापली. आयुष्यभर पाणी अडवण्याबद्दल शाबासकी घेतली. चेंडूसाठी पाणी जायला पाहिजे, हे ध्यानातच आलं नाही. मधे थोडा फुगवटा, कडांना उतार. एवढी साधी गोष्ट, पण सगळं धान पिकवणारं गाव शेजारी उभं राहून वाहवा करत होतं. एकालाही सुचली नाही.

"मी फोन करतो," विक्की घाईनं म्हणाला. "पुढच्या महिन्यात या म्हणतो. असं दाखवलं त् नाक कापलं जाईल ना!"

"पुढच्या महिन्यात ते गडचिरोलीत आहेत," ओमेश्वरी म्हणाली. "अन् मार्चमध्ये नीतू पंधराची होते. ते अर्ध्या रस्त्यात येऊन राहिले. बरडावर चला."

"बरडावर? त्या उतारावर?"

"तिथलं पाणी रात्रीच निघून गेलं," ओमेश्वरी म्हणाली आणि चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून चालू लागली.

निवडकर्ते आले, गाडीतून उतरले. पुन्हा बंद केलेल्या गेटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. कुणी दाखवलंही नाही. बरडावर केवलरामांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा आपल्या लेकीचा सराव पाहिला. उताराच्या वरच्या बाजूला खेळताना पोरी चेंडू पायाशी चिकटवून ठेवत. खालच्या बाजूला पास देताना तो कुठे वळणार हे आधीच ओळखून पळत. गोलपोस्ट म्हणजे दोन-दोन दगड. अर्धा डाव झाला की काठावर बसलेली पोरगी पुढं व्हायची आणि आत खेळणारी आपले बूट काढून तिच्या हातात द्यायची. हे बूट बदलणं इतकं सरावाचं झालं होतं की कुणी एक शब्द बोलत नव्हतं. हे आपल्या अंगणाच्या मागेच चाललं होतं आणि आपण सिमेंट वाळताना बघत बसलो, हे केवलरामांना आता दिसलं.

नीतू सुंदर खेळली. पण तिचा जोर उजव्या कडेनं लांब धाव घेण्यात, आणि उजवी कड म्हणजे नाला. तीनदा ती सुटली, तीनदा चेंडू तिच्यापुढून घरंगळून खाली गेला.

दुपारी निवडकर्त्यांनी गोलकीपर पोरगी घेतली. थोरल्या निवडकर्त्यानं ओमेश्वरीला बाजूला बोलावलं. "ती सात नंबरची चांगली आहे. पण अशा जमिनीवर आम्हाला तिचा वेग कळलाच नाही. सपाट मैदान असतं तर सांगता आलं असतं. पुढच्या वर्षी आणा." पुढचं वर्ष नीतूला नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओमेश्वरीनं सांगितलं. ते हळहळले आणि गाडीत बसले.

सपाट मैदान! केवलराम जवळच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

ओमेश्वरी दगड गोळा करत होती. ते तिच्याजवळ गेले. "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"ऐकलं होतं तुमी," ती मान वर न करता म्हणाली. "ऐकून मत तिकडं दिलं."

केवलराम तसेच चालत निघाले ते जंगलाच्या बाजूच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, कवडूच्या अंगणात. कवडू मोळी उतरवत होता, नीतू पायरीवर बसून पायात रुतलेला मुरूम काढत होती. अध्यक्ष दारात आलेले बघून कवडूनं घाईनं खाट टाकली. केवलराम बसले नाहीत.

"कवडू, तुझ्या पोरीचा मौका माह्यामुळं गेला," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "पोरीचा काही दोष नाही, ओमीचा नाही. मी मैदानाची बांधी करून ठेवली. तिले अर्जुनीले नको धाडू. एक वर्ष दे. थोरल्या पोरींच्या निवडीले मी सोता घेऊन जाईन, नागपूर म्हण, कुठं म्हण. हात जोडतो."

कवडू गोंधळला. साठीच्या माणसानं, तेही केवलभाऊंनी हात जोडावेत, हे त्याला बघवेना. "असं कायले करता भाऊ? चुकते मानूस." तो मोळीची दोरी सोडू लागला. "माह्यं काय, मी पोट पाहतो. तिलेच इचारा ना. कोणी इचारलंच नाही तिले."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. ऑगस्टपासून टपरीवर इतकं बोलणं झालं, गॅलरी, गेट, बूट, सामने. मत द्यायला सात जण होते, आणि ज्यांनी खेळायचं त्यांच्यातलं एकही नव्हतं.

"काय वो नीतू?" केवलरामांनी विचारलं. "खेळतेस का अजून?"

नीतूनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे रडून सुजलेले होते, पण नजर सरळ होती. "खेळाचं आहे मले. पण आधी एक सांगा. त्या मैदानाचं पाणी निघून गेलं, गवत चांगलं आलं, मंग आमाले तिथं खेळू देणार का? का पुन्हा पाहुण्यासाठी ठेवणार?"

केवलरामांच्या डोळ्यांपुढे ठरावावर आपणच केलेली सही आली.

"तुमीच खेळाल," ते कसंबसं पुटपुटले.

"काय म्हटलं? ऐकू नाही आलं," नीतू म्हणाली.

शेजारच्या अंगणांत बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. केवलरामांना ते पुन्हा, सगळ्या टोल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणावं लागलं.