बटणांच्या डबीतल्या गोळ्या

मित्रांनो, मी सात खणांची एक जुनी प्लास्टिकची डबी आहे. साच्यातून बाहेर पडले तेव्हा काचेसारखी नितळ होते. आता झाकणाचा एक कोपरा चिरला आहे. मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईने विकत आणलं. तिची लेक तिला आई म्हणे, म्हणून मीही मनात आईच म्हणू लागले.

आईची एक पद्धत होती. नवी बटणं आणली की पुठ्ठ्यावरून सुटी करायची, पुठ्ठा फेकून द्यायचा आणि रंगाप्रमाणे माझ्या खणांत लावायची. गिऱ्हाइकाने कापड पुढे केलं की तिचा हात न चाचपडता नेमक्या खणात जाई. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं.

पण दर महिन्याला असे काही दिवस येत, की आई कात्री बाजूला ठेवी आणि पोट धरून मशीनवर डोकं टेकवून बसे. घरचे म्हणत, बायकांना हे असायचंच. बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर बाहेरही वाढतं आणि दुखतं.

"म्हणजे अस्तर भलत्याच बाजूला लागलंय," आई म्हणाली. "उसवून नीट नाही का करता येत?"

शस्त्रक्रिया असते, पण दुखणं परत येऊ शकतं, असं बाईंनी समजावलं आणि औषध लिहून दिलं.

मग ज्याने त्याने उपाय सुचवले. मावशीने ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवल्या. शेजारणीने मॅग्नेशियम आणलं. कुणाच्या जावेच्या बहिणीला गुण आला म्हणून आणखी एक बाटली आली. माझी बटणं बरणीत गेली आणि माझ्यात गोळ्या आल्या. सवयीप्रमाणे आईने बाटल्या फेकल्या आणि गोळ्या रंगाप्रमाणे लावल्या. आत्या म्हणायची, "वहिनी, जेवता कधी? की यांनीच पोट भरतं?" आई हसायची. एखादी तरी गोळी लागू पडेल, एवढीच तिची आशा होती.

पुढे तिला मळमळू लागलं, गळून गेल्यासारखं वाटू लागलं. दुखणं वाढलं असं समजून तिने आणखी एक गोळी सुरू केली. शेवटी लेकीने तिला, आणि मलाही, डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मला टेबलावर उघडलं आणि कोणती गोळी कसली ते विचारलं.

"पिवळी मावशीची," आई म्हणाली. "पांढरी शेजारणीची."

कुणी दिली ते सगळं तिला ठाऊक होतं. आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. रक्त तपासलं, तेव्हा ड जीवनसत्त्व फार वाढलेलं निघालं. गोळ्या देणाऱ्यांना विचारलं, तर वेगवेगळ्या रंगांच्या गोळ्यांत तेच होतं. बाई रागावल्या नाहीत. अशा गोळ्या कुणाला थोडी साथ देतात, कुणाला नाही, आजार मात्र घालवत नाहीत, असं त्या म्हणाल्या. काय कमी आहे ते पाहून, चालू औषधांशी जुळेल तेच घ्यायचं. बहुतेक गोळ्या बंद झाल्या. मळमळ थांबली. दुखणं राहिलं, पण त्याबद्दल विचारणारं कुणीतरी आता होतं.

बटणं माझ्यात परत आली. पुढे आई दुसऱ्याच आजाराने गेली. मशीनवर कापड घातलं गेलं आणि मी फळीवर धूळ खात पडले.

एक दिवस लेक स्वयंपाकघरात ओट्याला धरून वाकली, अगदी आईसारखी. मावशीला कळलं आणि चार दिवसांत नवी बाटली आली. मायेनेच पाठवली होती. लेकीने ती बराच वेळ हातात धरली, उघडली मात्र नाही. डॉक्टरीणबाई देतील त्या गोळ्या ठेवायला तिने माझ्यातली बटणं बरणीत ओतली आणि बाटली लेबलासकट माझ्याबरोबर पिशवीत ठेवली. मग ती त्यांच्याकडे निघाली.

मित्रांनो, घरात कुणी पोट धरून बसलं, तर उपाय सांगण्याआधी जवळ बसा आणि किती दुखतंय ते विचारा. गोळी आणलीच, तर तिचं नाव जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. माया करणाऱ्या माणसांकडूनही चूक होते.

डॉक्टरीणबाई आता थकल्या होत्या, पण मला त्यांनी ओळखलं. बाटलीवरचं लेबल नीट वाचून झाल्यावर त्यांनी माझं झाकण उघडलं. कोपऱ्यातल्या खणात काहीतरी पांढरं अडकलं होतं.

"ही कसली गोळी?"

"गोळी नाही," लेक म्हणाली. "आईचं बटण आहे. ते राहू द्या."