नफ्यानं दिलेलं वावर

आमच्या खानदेशात वावर भाड्यानं देत नाहीत, नफ्यानं देतात. नगरकडे त्यालाच खंड म्हणतात, विदर्भात मक्ता. मी जळगावात मराठी शिकवतो, तेव्हा वर्गात सांगतो की नफा हा मूळचा अरबी शब्द, फारसीच्या हातून आपल्याकडे आला. पोरं माना डोलावतात. पण कूळ हा शब्द आला की मी पान उलटतो. कूळ म्हणजे मुळात घराणं. त्याचा अर्थ दुसऱ्याची जमीन कसणारा असा कसा झाला, हे मला सांगता येईल, पण तो शब्द मला उच्चारवत नाही.

कारण सांगतो. पारोळ्याजवळचं आमचं पाच एकर वावर मूळचं भागाबाईचं. ती धुळ्याला राहायची, माझे वडील तिचं वावर नफ्यानं करायचे. दर वर्षी पीकपाहणीला तलाठी आला की कसणारा म्हणून वडील स्वतःचं नाव सांगत. कसणाऱ्यालाच मालक करणारा कूळकायदा आला आणि वावर आमचं झालं. कायद्यानं त्यात काही वावगं नव्हतं. तरी भागाबाई आमच्या दारात येऊन दिवसभर बसली होती, ते मी पाहिलं आहे.

पुढे मी जळगावात मेहरूणला राहायला आलो आणि वावर गावातल्या झुलालला नफ्यानं दिलं. शहाणा माणूस दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नफ्याचा माणूस बदलतो, म्हणजे उताऱ्यावर कुणाचं नाव चिकटत नाही. मी पडलो आळशी. झुलाल कपाशी चांगली पिकवतो म्हणून चार वर्षं त्यालाच ठेवला. अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात गावचा रतिलाल स्टँडवर भेटला आणि सहज म्हणाला, झुलालनं बांधावर लिंबोणीची रोपं लावलीत. एका सालाच्या बोलीवर वावर करणारा माणूस झाड कशाला लावेल?

आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. बायको म्हणे, जाऊन बघून या. मला तर जायचीच भीती वाटत होती. शेवटी रजा टाकून गेलो. चावडीत तलाठ्याकडे उतारा मागितला. त्यानं कागद काढले, चार वर्षांच्या ओळींवरून बोट फिरवलं. चारही ठिकाणी कसणारा म्हणून माझंच नाव.

मी आल्याचं कळून झुलाल चावडीच्या दारात येऊन उभा होता. मी कशाला आलो, हे त्यानं ओळखलं.

"मी दर सालले तुम्हनंच नाव सांगस, नाना," तो म्हणाला. "मनं नाव लागनं ते तुम्ही वावर काढी लिशात, हाई भेव शे माले."

म्हणजे त्याचं नाव लागलं तर मी वावर काढून घेईन, असं चार वर्षं तोही माझ्यासारखाच भीत होता. मला लाज वाटली. वावर तुझ्याकडेच राहील, असं मी त्याला म्हणालोही. पण परतीच्या बसमध्ये मनात आलं, आजवर माझं नाव सांगितलं, पुढच्या वर्षी सांगेल कशावरून? जळगाव येईपर्यंत मी दुसरा माणूस कोण मिळेल याचा हिशेब करायला लागलो होतो.

त्या आखाजीला मी वावर गावातल्याच सुपडूला दिलं. झुलाल भांडला नाही, कुणाकडे तक्रार घेऊन गेला नाही. जाणार तरी कुठे? कागदावर चार वर्षं तो त्या वावरात नव्हताच. एकदा जरी त्यानं स्वतःचं नाव सांगितलं असतं, तर माझी ते वावर काढून घ्यायची छाती झाली नसती.