पडद्यावरचा बाण

कुमुदिनीने बिलातली शेवटची ओळ टाईप केली, छपाईची कळ दाबली आणि प्रिंटर खरखरू लागला. एवढा वेळ तिचं तोंड खिडकीकडे होतं. खाली कॅम्प तीनच्या गल्लीत कोणीतरी टेम्पोत जीन्सचे गठ्ठे चढवत होतं. मागच्या खोलीत शिलाई मशिनी चालू होत्या.

"कुमुद, ते निघालं की जरा बस," चंदरशेठ दारातून म्हणाले. "एक गोष्ट विचारायची आहे."

कारखाना चंदरशेठांचा. वय साठीकडे झुकलेलं. भावाशी सिंधीत बोलत, कारागिरांवर हिंदीत ओरडत, आणि कुमुदिनीशी जमेल तशा मराठीत. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालवायला त्यांनी तिला बदलापूरहून बोलावून घेतलं होतं. तेव्हापासून बिलं, माल, हजेरी सगळं तीच बघायची.

शेठ समोरच्या स्टुलावर बसले.

"ते दादरवाले व्यापारी आहेत ना, त्यांनी नवीन विंडोज घेतली. पंच्याण्णववाली. आता बोलतात तुम्ही पण घ्या, म्हणजे फ्लॉपी इकडची तिकडे चालेल. अंबरनाथच्या कुंदा मॅडम मशीन देतात. पण ते तर आत्ता बाजारात आलंय. आत्ता घ्यायचं की एक साल थांबायचं, ते तू सांग."

"मी?"

"मग कोण? मला तर ते चालूपण करता येत नाही. तू नको बोलली तर नको. बात खतम."

ते उठून गेले. कुमुदिनीने प्रिंटरमधला कागद फाडला आणि घडी घालताना कडा बोटांनी दोनदा जुळवून पाहिल्या.

जुन्या कॉम्प्युटरचं एक बरं होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि प्रत्येक गोष्ट रोज त्याच जागी. एक दाबलं की बिल, दोन दाबलं की माल. पुढचा प्रश्न कुठला येणार हे बोटांना आधीच ठाऊक असायचं. पडद्याकडे पाहायची गरज क्वचित पडे.

आणि पाहणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं. आधी तिला अंधारात दिसेनासं झालं. मग दोन्ही बाजू हळूहळू गेल्या. आता समोरचं दिसे, पण नळीतून पाहावं तसं. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं तर त्याचे हात दिसत नसत. कल्याणच्या डॉक्टरांनी यावर औषध नाही म्हणून सांगितलं होतं. किती वर्षं टिकेल, असं तिने विचारल्यावर ते म्हणाले, "जपून राहा." ऑफिसात तिने हे कोणाला कळू दिलं नव्हतं.

घरी फक्त आई होती, कौसाबाई. तिला काही सांगावं लागलं नव्हतं. तिने हे सगळं आधी एकदा पाहिलं होतं. कुमुदिनीचे वडील कोंडाजी वांगणीकडे शेती करत. शेवटची काही वर्षं ते ओटीवर बसून पाखडलेल्या तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढायचे. अंगणात पाऊल वाजलं की विचारायचे, "कोण?" उत्तर आलं की म्हणायचे, "दिसलास रे, दिसलास."

त्या संध्याकाळी कुमुदिनीने आईला शेठ काय म्हणाले ते सांगितलं.

"मग तू काय सांगशील?"

"थांबा म्हणेन. नवीन आहे अजून."

कौसाबाईने भाकरी तिच्या ताटात ठेवली आणि ताट तिच्या हाताला लागेल असं सरकवलं.

"तुजा बापूस पन असाच कराचा," ती म्हणाली. "कोनाला सांगाचा नाय."

कुंदा वैद्य अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या आणि मशिनीही विकायच्या. कुमुदिनी दुपारच्या उन्हात पोचली, म्हणून जिना नीट चढता आला. कुंदाबाईंनी तिला खुर्ची दिली आणि तिच्या उजव्या हाताखाली माऊस ठेवला.

"हा हलवला की पडद्यावरचा बाण हलतो. जिथे काम, तिथे बाण न्यायचा आणि दाबायचं. पाठ काही करायचं नाही."

पडदा फिकट निळा, मोठा आणि रिकामा होता. मध्ये कुठेतरी पांढरा बाण तिला दिसला. तिने हात हलवला आणि तो तिच्या नजरेच्या वर्तुळातून निसटला. तिने मान फिरवली. एक कोपरा पाहिला, मग दुसरा. हात तिथेच धरून तिने पुन्हा वरून खाली शोधलं.

"वर आहे बघा," कुंदाबाई म्हणाल्या. "नाही, उजवीकडे. गेलात पुढे."

मग त्यांनी आपला हात तिच्या हातावर ठेवून बाण मध्यावर आणला. "सवय नसली की सगळ्यांचं असंच होतं. मुलंसुद्धा पहिल्या दिवशी माऊस टेबलाच्या खाली नेतात."

कुमुदिनी हसली. पण हात सोडल्यावर बाण पुन्हा गेला, आणि या वेळी तिने शोधला नाही.

"आत्ता घ्यावं की थांबावं?" तिने विचारलं.

"मी विकायला बसलेय, तरी घाई करा असं म्हणणार नाही. तुमचा बिलाचा प्रोग्रॅम यावर कसा चालेल ते बसवून बघितल्याशिवाय कळायचं नाही. वर्षभर थांबलात तर तुम्हाला कोणी नावं ठेवणार नाही."

"आणि तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"तर घेतलं असतं. तुमचे व्यापारी पुढे गेलेत. आज ना उद्या इथेच यायचंय."

परतताना शेअर रिक्षात बसल्या बसल्या कुमुदिनीने वाक्य तयार केलं. शेठ, कुंदा मॅडमही म्हणाल्या, थांबलं तर चालेल. वर्षभर थांबू. यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिने ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, आणि दर वेळी ते जास्तच गुळगुळीत झालं.

कॅम्प तीनच्या नाक्यावर ती उतरली आणि नेहमीच्या गल्लीत वळली. डाव्या बाजूने काहीतरी जोरात खांद्यावर आदळलं. पाठोपाठ धप्पकन आवाज झाला. काज-बटणाला पँटी घेऊन निघालेल्या एका बाईच्या डोक्यावरचा गठ्ठा गटारात पडला होता. रंगाईचं निळं पाणी त्यात चढत होतं.

"ए बाई, दिसत नाही का?"

असं कोणी म्हटलं की कुमुदिनी "लक्ष नव्हतं" म्हणून पुढे जायची. तिने तोंड उघडलंही तेच म्हणायला.

"नाही," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

कुमुदिनी खाली बसून पँटी चाचपू लागली. ओल्या एकीकडे, कोरड्या एकीकडे. बाईने तिच्या हातातली पँट काढून घेतली.

"राहू दे ताई, मी करते," ती म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता. "एकट्या कशाला फिरता मग? कुठे जायचंय?"

तिने कुमुदिनीला कोपराला धरून उठवलं आणि गटारावरच्या फरशीवरून पलीकडे नेलं. रोजचा रस्ता होता. तो कुमुदिनीच्या पायांना पाठ होता. तरी तिने हात सोडवून घेतला नाही. कारखान्याच्या दाराशी बाई थांबली, "सांभाळून हां," म्हणाली आणि भिजलेला गठ्ठा उचलायला परत गेली.

चंदरशेठ ऑफिसात लेबलांना दोरे ओवत बसले होते. पाय वाजल्यावर त्यांनी मान वर केली.

"काय बोलल्या कुंदा मॅडम?"

कुमुदिनी आपल्या खुर्चीवर बसली.

"घ्या, शेठ. आत्ताच घ्या."

शेठांचा हात थांबला.

"असं बोलल्या त्या?"

"थांबलं तर चालेल म्हणाल्या. पण दादरवाले थांबणार नाहीत. आणि वर्षानंतर तरी तेच घ्यायचंय."

"आणि चालवणार कोण?"

"एखादी मुलगी बघा. आपली बिलं कशी असतात ते मी तिला शिकवीन." तिने पदराला हात पुसले. बोटांना निळा रंग लागला होता, तो तिला दिसला नाही. "मला तो बाण सापडत नाही, शेठ. डोळ्यांचं आहे. खूप दिवसांपासून."

ती त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली. त्यांनी ओवलेला दोरा लेबलातून परत काढला.

"मालूम आहे," ते म्हणाले.

मागच्या खोलीत मशिनी चालूच होत्या.

"कधीपासून?"

"थंडीत तुला पाच वाजता घरी जा बोलायला लागलो ना, तेव्हापासून."

तिला वाटलं होतं, बदलापूरच्या गाडीला गर्दी व्हायच्या आत म्हणून.

"मग हे मला विचारलंत कशाला?"

"तू ना बोलशील वाटलं." शेठ तिच्याकडे न पाहता बोलत होते. "मग मी दादरला सांगणार होतो, आमची कॉम्प्युटरवाली नको बोलते. ती बोलली तर मी काय करू? तुझं एक साल तर निघून गेलं असतं."

"आणि साल संपल्यावर?"

शेठांनी लेबलं गोळा करून पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली. मग म्हणाले, "आत्तापण ना बोल. मी काही ऐकलं नाही."

कुमुदिनीने कीबोर्डवर हात ठेवले. बोटं आपोआप आपापल्या कळांवर गेली. मग तिने हात उचलून मांडीवर घेतले.

"कुंदा मॅडमना फोन लावा, शेठ."

चंदरशेठांनी फोन ओढला आणि एकेक आकडा सावकाश दाबला. रिसीव्हर कानाला लावून ते थांबले.

"एंगेज आहे," ते म्हणाले. "उद्या बघू."

ती समोरच बसली होती. पलीकडे वाजणारी घंटा तिला स्वच्छ ऐकू येत होती.

"रिंग जातेय, शेठ."

शेठांनी रिसीव्हर ठेवला नाही. घंटा थांबली आणि कुंदाबाईंचा आवाज आला, "हॅलो?" मग पुन्हा, "हॅलो, कोण?"

शेठांनी रिसीव्हर तिच्यापुढे धरला. कुमुदिनीने हात पुढे केला. तो रिसीव्हरच्या बाजूने रिकामाच गेला. मग शेठांनीच रिसीव्हर तिच्या तळव्यावर ठेवला.